मगदूमसरांचं छापील आडनाव

विद्यापीठाच्या डिपार्टमेंटमध्ये वीस-बावीस वर्षं टाइपरायटर बडवला की माणसाकडं दोन गोष्टी साठतात. पाठदुखी आणि किस्से! पाठीसाठी डॉक्टर आहे. किश्शांचं काय करायचं?

शास्त्रज्ञांचं बरं असतं. त्यांच्याकडं जे साठतं ते जर्नलला पाठवता येतं. तिथं रेफ्री नावाचा एक माणूस बसलेला असतो. तो वाचतो, "याला पुरावा काय?" म्हणतो आणि लेख परत पाठवून देतो. माझ्या किश्शांना रेफ्री नाही, त्यामुळं आजवर एकही परत आलेला नाही. मित्र म्हणतात, "सुतार, यातलं निम्मं तू रचतोस." असेल बाबा! पण कुठलं निम्मं, ते एकालाही अजून सांगता आलेलं नाही.

तर हे सगळे किस्से एकाच माणसाभोवतीचे. डॉ. वसंत बाबगोंडा मगदूम. गाव शिरोळ, शिक्षण बंगलोर, विषय मॉलिक्युलर बायॉलॉजी. म्हणजे उसाच्या पानातून डीएनए बाहेर काढायचा आणि त्याच्याकडं बघत बसायचं. सत्तर सालाच्या आगेमागे कोल्हापुरात हे काम करणारे ते एकटेच. आमचा शिपाई गणपा, वय पन्नास, मिशा त्याहून जुन्या वाटणाऱ्या. त्यानं पहिल्याच दिवशी मला विचारलं होतं, "डी.एन.ए. म्हंजे डी.एड.च्या वरचं काय?"

सरांची लॅब म्हणजे जिन्याखालची खोली. उंच माणूस आत सरळ उभा राहू शकत नसे. अकरा वर्षं ते लेक्चरर होते. रीडर ही वरची जागा मिळाल्याशिवाय धड लॅब नाही, स्वतःचे पीएच.डी.चे विद्यार्थी नाहीत. दोनदा जागा निघाली, दोनदा हुकली. तिसऱ्यांदा निघाली तेव्हा हेडनी स्पष्टच सांगितलं, "मगदूम, या खेपेला झालं तर झालं. नाहीतर ती खोली झाडू-बादल्या ठेवायला लागणार आहे."

तिथपर्यंत पोचायचं आहे आपल्याला. पण आधी बाकीचं.

*

एकदा चहाच्या टपरीवर गणपानं विचारलं, "ते सायटेशन म्हंजे काय वो, सुतारसाहेब? सर सारखं त्येच म्हनत्यात."

मी म्हटलं, "हे बघ. सरांनी एक पेपर छापला. जपानच्या माणसानं तो वाचला. पुढं त्यानं आपला पेपर लिहिला आणि खाली नाव घातलं, की बाबा हे मला मगदूमांच्याकडनं कळलं. हे झालं एक सायटेशन."

"आनि आपल्या सरांनी जपानवाल्याचं नाव घातलं तर?"

"मग ते जपानवाल्याला."

"आहेर की वो ह्यो! त्यानं आपल्या लग्नात टोपी घातली, आपन त्येच्या लग्नात टावेल!"

दोन घोट चहा प्याल्यावर त्याला शंका आली. "आनि सरांनी सोताच्याच जुन्या पेपराचं नाव घातलं तर?"

"तेही धरतात काही जण."

गणपानं बशी खाली ठेवली. "न्हाय धरायचं. सोताच्या लग्नात सोताच टोपी घालून घेतल्यागत हाय त्ये!"

*

आमचे हेड, डॉ. इनामदार, फार शिस्तीचे. डिपार्टमेंटमधून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पेपरवर त्यांचं नाव पहिलं. तसा दंडकच होता. मी ती नावं टाइप करायचो तेव्हा मला लग्नपत्रिकेची आठवण यायची. वर मोठ्यांची नावं, मग काका-मामा, आणि ज्याचं लग्न तो कुठंतरी मध्ये!

सरांच्या पहिल्या पेपरावरही इनामदार पहिले, मगदूम दुसरे. तो पेपर मग हैदराबादला परिषदेत वाचायचा होता. पहिलं नाव ज्याचं, तो वाचणार. हेड नवा कोट शिवून गेले. वाचून दाखवलं. टाळ्या झाल्या. मग मागच्या रांगेतून एक मद्रासी बाई उठल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या तिसऱ्या आकृतीत ही रेघ खाली का वळते?"

हेडनी आकृती बघितली. उलटी करून बघितली. चष्मा पुसला. शेवटी म्हणाले, "मॅडम, उतार आहे तो."

परत आल्यावर त्यांनी सरांना केबिनमध्ये बोलावलं. मी डिक्टेशन घ्यायला बसलो होतो, म्हणून मला माहीत. "मगदूम," हेड म्हणाले, "पुढच्या पेपरापासून माझं नाव राहू दे बाजूला. लोक प्रश्न विचारतात!"

*

डीएनए हा फार नाजूक माल. ऊन लागलं की बिघडला. पेपरात ऐटीत लिहिलेलं असायचं, "सर्व प्रक्रिया चार अंश तापमानाला केली." ते चार अंश सायकलवरून यायचे! गणपा सकाळी बर्फाच्या कारखान्यात जायचा, अर्धी लादी भुश्यात आणि गोणपाटात गुंडाळून कॅरियरला बांधायचा आणि विद्यापीठाचा चढ चढायचा. लादी निघताना पेटीएवढी असायची, पोचताना विटेएवढी.

एका मे महिन्यात सर पानं वाटून तयार बसले आणि गणपाचा पत्ता नाही. तासाभरानं आला तो रिकामं, ओलं गोणपाट घेऊन.

"बर्फ कुठं आहे?"

"तालमीत द्यावा लागला, सर. वाटंत त्यांनी हाक मारली. पोरगं पडलंय, गुडघा ह्यो एवढा सुजलाय."

सर कधी चिडत नसत, पण त्या दिवशी चिडले. "गणपा, आठवड्याची मेहनत गेली माझी! सगळा डीएनए खराब झाला!"

गणपा शांतपणे गोणपाट पिळत म्हणाला, "डीएनए परत काडता येतोय की, सर. गुडघा कुठनं काडनार?"

दुसऱ्या दिवशी सरांनी गणपाला सांगितलं, "एक लादी जास्त आण. जाताना तालमीत टाक."

*

आता ज्या पेपरानं सगळं घडलं आणि बिघडलं त्याची हकीगत.

उसाच्या पानाचा अर्क काढला की दहा मिनिटांत तो चहासारखा काळा पडायचा. त्या घाणीतून डीएनए स्वच्छ निघायचाच नाही. दोन वर्षं सर त्याच्यापाशी अडले होते. परदेशी औषधं मागवली, ती यायला सहा महिने आणि वाया जायला सहा मिनिटं!

अशात सरांच्या बायकोच्या, आमच्या वहिनींच्या माहेरी, मुरगूडला, गुऱ्हाळ लागलं म्हणून जावयाला बोलावणं आलं. तिथं तात्या म्हणून गुळव्या होते. गूळ रांधण्यात त्यांचा हात धरणारा त्या भागात कुणी नव्हता. काहिलीत रस उकळत होता, वर काळपट फेस. तात्यांनी बाजूच्या बादलीतलं बुळबुळीत पाणी ओतलं आणि बघता बघता सगळी मळी वर येऊन गोळा झाली. झाऱ्यानं काढली. खाली रस सोन्यासारखा.

सरांच्या हातातला रसाचा पेला तसाच राहिला. "तात्या, काय घातलंत हे?"

"भेंडी."

"भेंडी?"

"रानभेंडी वो. ताटं ठेचायची, पान्यात भिजवायची. मळी धरून वर आनती." मग तात्यांनी सरांच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "एवढं शिकून भेंडी ठावं न्हाय व्हय, पावणं?"

सर गुळाऐवजी भेंडीच्या ताटांचा भारा घेऊन परतले. एस.टी.च्या टपावर टाकून! अर्कात भेंडीचं पाणी घातलं, वहिनींच्या जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यातून गाळलं. खाली आलेलं पाणी पाण्यासारखं स्वच्छ, आणि त्यात डीएनएचा पांढरा शुभ्र धागा. सर जिन्याखालच्या खोलीत आनंदानं उभे राहिले आणि डोकं आपटून खाली बसले.

पेपर इंग्लंडच्या मोठ्या जर्नलमध्ये लागला. सरांनी शेवटी आभार मानले होते, "मौलिक चर्चेबद्दल मुरगूडचे तात्या यांचे." पुढं वर्षभरानं तात्या स्वतःच डिपार्टमेंटला हजर! एका हातात गुळाची ढेप, दुसऱ्या हातात निळं विमानी पाकीट. वर पत्ता, "प्रोफेसर तात्या, मुरगूड." ऑस्ट्रेलियाच्या कुणा शास्त्रज्ञाचं पत्र होतं.

"काय म्हनतोय ह्यो?" तात्यांनी विचारलं.

सरांनी वाचलं. "विचारतोय, तुमचे आजवर किती पेपर छापून आले, त्याची यादी पाठवा."

तात्यांनी ढेप टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "लिवा त्यास्नी. हंगामाला पाचशे ढेपा. आन् एकीवर बी दुसऱ्याचं नाव न्हाय!"

दाराशी हेड उभे होते. ते आल्या पावली परत गेले.

*

आता माझा गुन्हा.

तो पेपर मीच टाइप केला. चोवीस पानं, एकही खाडाखोड नाही. पहिल्या पानावर नाव टाइप करायला आलो आणि माझी बोटं अडली. "व्ही. बी. मगदूम." एवढंच? इतकी वर्षं ज्या माणसाला कधी नुसतं मगदूम म्हटलं नाही, त्याचं नाव मी इंग्लंडला असं उघडं पाठवू? हेड म्हणोत, त्यांचा अधिकार आहे. मी टाइप केलं, "व्ही. बी. मगदूम सर."

टाइप झालेला मजकूर सरांनी तीनदा तपासला. स्वतःचं नाव कोण तपासतं?

पुढं प्रूफं आली ती नेमकी पावसाळ्यात. शिरोळला कृष्णेचं पाणी गावात शिरलेलं. सर म्हाताऱ्या आईला, त्यांच्या अव्वांना, आणायला गेलेले, आणि अव्वा म्हशीला सोडून होडीत बसायला तयार नाहीत! इकडं प्रूफांवर शिक्का, "अठ्ठेचाळीस तासांत परत करा." मीच कंबर कसली. सगळं तपासलं. दोन स्वल्पविराम दुरुस्त केले. नावाच्या जागी त्यांनी छापलं होतं, "व्ही. बी. एम. सर." मी म्हटलं, साहेब लोकांना लांब नावं चालत नाहीत, कापली असतील. पण मान ठेवलाय हे महत्त्वाचं! पाकीट बंद केलं, टाकलं.

चार महिन्यांनी छापील प्रती आल्या. सरांनी पहिली प्रत उघडली. नावावर बोट ठेवलं.

"सुतार, हे सर कोण?"

"तुम्हीच की, सर!"

"मग मगदूम कुठं गेला?"

"त्याचा एम. राहिलाय, सर!"

*

सरांनी संपादकाला पत्र लिहिलं. स्वतः टाइप केलं, दोन बोटांनी, मला मशीनच्या जवळपास येऊ न देता. मजकूर असा होता की, सर हे माझं आडनाव नसून इकडं मला आदरानं दिली जाणारी पदवी आहे, आडनाव मगदूम, कृपया दुरुस्ती छापावी.

इंग्रज माणूस सज्जन. त्यानं ताबडतोब दुरुस्ती छापली. पुढच्या अंकात चौकटीत आलं, "व्ही. बी. एम. सर याऐवजी कृपया सर व्ही. बी. मगदूम असे वाचावे."

हेडनी तो अंक वाचला आणि व्हरांड्यात सरांना गाठलं. "मगदूम, राणीकडं कधी जाऊन आलास? रजेचा अर्ज दिसला नाही!"

*

दुरुस्ती वाचतंय कोण? जगानं मूळ पेपर वाचला. आणि मग त्या पेपराची प्रत मागणारी कार्डं यायला लागली. त्या काळी झेरॉक्स सगळीकडं नव्हतं. पेपर हवा असला की लेखकालाच कार्ड टाकायचं. कार्डांवर पत्ता, "डॉ. सर, कोल्हापूर, इंडिया."

पोस्टमन बिचारा काय करणार? विद्यापीठात दगड मारला तर तो कुठल्या ना कुठल्या सरांनाच लागतो! त्यानं तिकिटावर ऊस बघितला, कार्डावरही उसाच्या पानाचाच विषय वाचला, आणि आमच्या डिपार्टमेंटला आणून टाकली. आणि आमच्याकडं टपालावर नुसतं "सर" असलं की त्याचा धनी एकच माणूस. हेड!

मला हे कळलं ते उशिरा. एकदा डिक्टेशनला गेलो तर हेडच्या टेबलाच्या काचेखाली रांगेनं कार्डं लावलेली. जपान, ब्राझील, मॉरिशस.

"सुतार, बघितलंस का?" हेड खुशीत होते. "जगभरातून पत्रं येतायत मला. डिअर डॉक्टर सर!"

"काय विचारतात, सर?"

"उसाचं काहीतरी." हेडनी खुर्ची मागं रेलली. "माझ्या मेहुण्याचा चार एकर आहे ना कागलला. त्यानं सांगितलं असणार कुणाला तरी!"

*

तिसऱ्या खेपेच्या जागेचा फॉर्म आला, त्यात नवाच रकाना. "आपल्या संशोधनाची सायटेशन्स किती?" सर फॉर्म घेऊन माझ्याकडं आले. चेहरा उतरलेला. "सुतार, मला कोण ओळखतं?"

हे मोजायचं पुस्तक म्हणजे सायटेशन इंडेक्स. जगात कुणी कुणाचं नाव घेतलं त्याची आडनावाप्रमाणं यादी. उशीएवढे जाड खंड, मुंगीएवढी अक्षरं. कोल्हापुरात नव्हतं. पुण्याला एका संस्थेच्या लायब्ररीत होतं. दोघं गेलो.

सरांनी एम चा खंड काढला. बोट फिरवत गेले. मगदूम, व्ही. बी. खाली फक्त एक नोंद. कुणाची? मगदूम, व्ही. बी.! स्वतःच्या जुन्या पेपराची, स्वतःच घातलेली.

सरांनी खंड बंद केला. आवाजसुद्धा न करता. "चला सुतार. दुपारची गाडी मिळेल."

मी उठलो नाही. माझ्या डोळ्यांपुढं हेडच्या काचेखालची कार्डं आली. मी म्हटलं, "सर, एस बघू या."

"एस मध्ये माझं काय आहे?"

"बघू तर."

एस चा खंड मीच उचलून आणला. सिंग, सिंह, सिन्हा ओलांडून थोडं पुढं, आणि तिथं उभा होता. "सर, व्ही. बी. एम." आणि त्याच्या खाली नावांची रांग. जपान. हवाई. क्वीन्सलँड. ब्राझील. एक रशियन, ज्याचं नाव दोन ओळीत मावलं नव्हतं. रकाना संपला, रांग पुढच्या रकान्यात गेली.

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "मोजा."

मी मोजली. "एकेचाळीस."

"परत मोजा."

चार वेळा मोजली. लायब्रेरियन येऊन "हळू" म्हणून गेला. सर त्या पानाकडं बघत बसले होते, हात गालावर. मग एक मोठा सुस्कारा टाकून म्हणाले, "काय माणूस आहे हो हा! असं काही मला सुचलं असतं तर कधीच रीडर झालो असतो!"

*

आता हा सर म्हणजेच मगदूम, हे विद्यापीठाला कसं पटवायचं? ऑफिसनं सांगितलं, ॲफिडेव्हिट आणा. गेलो कोर्टापाशी. झाडाखाली टेबल टाकून बसणारे एक वकील मला ओळखत होते. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सोपं आहे. उर्फ लावू. मगदूम उर्फ सर. ओळखणारे दोन साक्षीदार आणा."

पहिला साक्षीदार गणपा.

"यांना काय म्हणता तुम्ही?"

"सर."

"पूर्ण नाव?"

"मगदूमसर."

"वडलांचं नाव?"

गणपा घुटमळला. "त्ये बी सरच आसतील की."

दुसऱ्या साक्षीला वहिनी. डोक्यावरून पदर घेऊन त्या उन्हात उभ्या. वकिलांनी लेखणी उचलली. "वहिनी, खरं सांगायचं. घरी तुम्ही यांना काय नावानं हाक मारता?"

"नाव कसं घेणार?" वहिनी म्हणाल्या. "अहो म्हणते."

"सर म्हणत नाही?"

"मी काय यांच्या वर्गात आहे होय?"

वकिलांनी कपाळाला हात लावला. सरांच्याकडं वळले आणि विचारलं, "साहेब, कसं करू? मगदूम उर्फ सर उर्फ अहो लिहू का?"

*

मुलाखतीचा दिवस. कमिटीत कुलगुरू, आमचे हेड आणि बाहेरून आलेले एक तज्ज्ञ. दक्षिणेकडचे, सत्तरीचे, काटकुळे, पांढरे स्वच्छ कपडे, तोंडावर हसू म्हणून नाही. गणपाला आत चहाचं काम. मी बाहेर बाकावर कागदांची फाइल घेऊन. दहा मिनिटांत मलाही आत बोलावलं. "मूळ प्रती दाखवा."

ॲफिडेव्हिट कुलगुरूंपुढं ठेवलं. त्यांनी वाचलं, परत वाचलं. "डॉ. मगदूम, असं बघा. उद्या कुणीही उर्फ लावून येईल. छापील नाव तुमचं नाही, दुरुस्तीतलं नाव तर बकिंगहॅम पॅलेसमधलं वाटतंय. हे एकेचाळीस तुमच्या नावावर मी कसे धरू?"

सरांनी हेडकडं बघितलं. हेडनी खिडकीकडं बघितलं.

तेव्हा ते तज्ज्ञ पहिल्यांदा बोलले. इंग्रजीत बोलले, मी मराठीत सांगतो. "कागद बाजूला ठेवा. या एकेचाळीसमधले तीन माझे आहेत. मी हा पेपर दोन वर्षं उशाशी घेऊन झोपतोय. यांना एकच विचारतो." मग सरांच्याकडं वळून म्हणाले, "पेपरात लिहिलंय, भेंडीचं पाणी घातल्यावर थोडा वेळ थांबावे. थोडा वेळ! पाच मिनिटं थांबलो, गढूळ राहतं. दहा थांबलो, गोळा होऊन डीएनए त्यातच जातो. सहा, सात, आठ, सगळं करून झालं. कधी जमतं, कधी नाही. ज्यानं हे लिहिलंय त्याला माहीत असणार. किती वेळ?"

मी सरांच्याकडं बघत होतो. अकरा वर्षं, जिन्याखालची खोली, सगळं त्या एका उत्तरावर. सरांनी घसा साफ केला. तोंड उघडलं. मिटलं. कानांपर्यंत लाल झाले.

"बोला," तज्ज्ञ म्हणाले.

"एक बिडी," सर म्हणाले.

"काय?"

"एक बिडी, साहेब." आता सर मराठी-इंग्रजी मिसळून भडाभडा बोलायला लागले. "मुरगूडचे गुळव्या भेंडी घातली की बाजूला जाऊन एक बिडी ओढतात. ती संपली की मळी काढतात. मी घड्याळ लावून बघितलं, तुमच्यासारखंच झालं. पावसाळी हवेत जास्त वेळ लागतो, उन्हाळ्यात कमी, आणि बिडीही तशीच जळते. दमट असली की हळू, कोरडी असली की भरभर. मग मी आमच्या गणपाला खिडकीबाहेर उभं केलं. मी भेंडी घातली की तो पेटवायचा. 'झाली' म्हणाला की मी गाळायचो. पेपरातले सगळे प्रयोग तसेच केलेत. पण इंग्लंडच्या जर्नलला बिडी लिहायचा धीर झाला नाही. थोडा वेळ लिहिलं."

कुलगुरूंना ठसका लागला. हेड दबक्या आवाजात म्हणाले, "अरे मगदूम, काय हे!"

तज्ज्ञ हलले नाहीत. मग त्यांनी खिशातून वही काढली, कोरं पान उघडलं, पेनाचं टोपण काढलं, आणि अत्यंत गंभीर चेहऱ्यानं विचारलं,

"कुठल्या छापाची?"

गणपानं चहाचा ट्रे कुलगुरूंच्या पुढ्यात ठेवला आणि सदऱ्याच्या खिशात हात घातला.